रिकामं खोड

झाड पडलं तेव्हा त्यातून कोणी उडालं नाही, म्हणून मुकादम निर्धास्त होता. करवत बंद करून तो खोडाजवळ गेला आणि ढोलीपाशी थबकला. गेल्या उन्हाळ्याच्या आगीत काळंठिक्कर पडलेलं ते खोड आपटून उभं फाटलं होतं. फटीत घुबडाची मादी बसली होती, पंख पसरून, अंग फुगवून. तिच्याखाली अंड्यांचा नुसता लगदा झाला होता. तरी ती उठली नव्हती. मुकादमाकडे टक लावून बघत होती.

"मी ठोकलं होतं," तो म्हणाला. "तीनदा. विचारा पोरांना."

हे तो घुबडाला सांगत होता की मागून धापा टाकत आलेल्या बाईला, त्याचं त्यालाही कळलं नाही. बाई जळक्या जंगलातल्या घुबडांचा अभ्यास करायची. कापणारी माणसं तिला तोंडावर मॅडम म्हणायची आणि पाठ फिरली की घुबडबाई.

नियम साधा होता. उलट्या कुऱ्हाडीने खोडावर तीनदा ठोकायचं आणि थांबायचं. ढोलीतून डोकं बाहेर आलं, तर खोडाला लाल पट्टी बांधून पुढे जायचं. मग त्या झाडाला कुणाचा बाप हात लावणार नाही. डोकं आलं नाही, तर झाड रिकामं. चालवा करवत. हा नियम खुर्चीत बसून केलेला होता, आणि असले नियम करणाऱ्यांचा लाकडाशी संबंध टेबलापुरता असतो. घुबडबाई त्यांच्यापुढे घसा कोरडा करून आली होती. आगीने पोकळ केलेल्या याच खोडांत घुबडं घर करतात. राखेतून गवत येतं, गवतात उंदीर येतात, उंदरांमागे घुबडं. जंगल मेलेलं नाही, नव्याने संसार मांडतंय. पिल्लं उडेपर्यंत तरी थांबा. ते म्हणाले, तोवर लाकडाला भुंगा लागेल. भुंग्याची तेवढी काळजी त्यांना होती.

बाई ओरडली नाही. राखेतच फतकल मारून बसली.

"मुकादम, ठोकल्यावर डोकं कोण बाहेर काढतं? ज्याला उडून जायचंय तो. जिच्या पोटाखाली काही आहे, ती हलत नाही. ठोकणारा निघून जावा म्हणून श्वास धरून बसते."

"मग हे आधी सांगायचं होतं ना."

"सांगितलं होतं. तुमच्या साहेबांना."

"म्हणजे कुणालाच नाही," मुकादम म्हणाला.

पोरं हसली. मुकादम हसला नव्हता. तीनदा हा शब्द त्याने सकाळी घरीही वापरला होता.

त्याचा थोरला भाऊ गेल्या उन्हाळ्याच्या आगीत याच उतारावर गेला. आग पुढे सरकू नये म्हणून गवत-पाला काढून मोकळा पट्टा करतात, ती जाळरेषा तो काढत होता. वारा फिरला. तेव्हापासून वहिनी मागच्या खोलीत असायच्या. कामापुरत्या बाहेर यायच्या आणि कामापुरत्याही बोलायच्या नाहीत. जागा कमी पडते असं आधी बायकोला वाटलं, मग आईला, मग त्यालाही. ठरलं की वहिनींनी आता त्यांच्या भावाकडे राहावं. त्यांच्याच भल्यासाठी. घरातून कुणाला काढायचं झालं की त्याच्या भल्याला असा ऊत येतो.

त्याने विचारलं मात्र होतं. एकदा जेवताना. एकदा खोलीच्या दारात उभं राहून. तेव्हा वहिनी दादाच्या शर्टांच्या घड्या मोडून पुन्हा घालत होत्या. आणि तिसऱ्यांदा आज सकाळी, बंद दाराबाहेरून. "वहिनी, चालेल ना तुम्हाला?"

"विचारलंत ना?" बायकोने चहा देताना खात्री करून घेतली होती.

"तीनदा. काही बोलल्या नाहीत."

"मग झालं तर. नको असतं तर तोंड होतं की त्यांना."

टेम्पो संध्याकाळी यायचा होता.

मुकादमाने डोक्याचं फडकं सोडलं आणि मादीला ऊन लागू नये म्हणून फाटलेल्या खोडावर पसरलं. ती तेव्हाही हलली नाही. मग त्याने पोरांना करवती गुंडाळायला सांगितल्या.

"साहेब विचारतील," एकजण म्हणाला. "काय सांगू?"

"सांग, मुकादमाने ठोकलंय. अजून उत्तर यायचंय."

घुबडबाई जागची उठली नाही. ही उठेल तेव्हा मी उठेन, एवढंच म्हणाली. मुकादमाने तिच्या पिशवीत हात घातला, काहीतरी काढून खिशात कोंबलं आणि उतार उतरायला लागला.

घरी टेम्पो दारातच उभा होता. ड्रायव्हर मागची फळी पाडून विडी ओढत होता. आई ओट्यावर बसून कुठेच बघत नव्हती.

"आलात? बरं झालं," बायको म्हणाली. "कपाट एकट्याने उचलवत नाही."

तो बूट न काढता थेट मागच्या खोलीशी गेला. दार लोटलेलं होतं. त्याने बोटाच्या पेराने ठोकलं, अगदी हळू. आत कुणीतरी श्वास धरला, एवढंच काय ते ऐकू आलं. तो बराच वेळ थांबला.

"बघा," बायको मागून कुजबुजली. "आताही काही म्हणणं नाही त्यांचं."

मुकादमाने खिशातली लाल पट्टी काढली आणि दाराच्या कडीला दुहेरी गाठ मारून बांधली.