पालथं झोपायचं

सरिताला नववा महिना लागला आणि तिच्या उजव्या डोळ्यासमोर काळी सावली चढू लागली. नवरा मिथुन तिला उधव्याहून निघून, अच्छाडला जीप धरून, राज्याच्या हद्दीपलीकडे डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. "डोळ्याच्या आतला पडदा सुटलाय," डॉक्टर म्हणाले. "डोळ्याला बाहेरून पट्टा शिवून भागणार नाही, पडद्याची फाट फार मागे आहे. आत गॅस भरू. पण मग आठवडाभर पालथं झोपायचं, म्हणजे गॅस पडद्याला दाबून धरेल." सरिताने पोटावर हात ठेवला. "गॅसऐवजी तेल भरलं तरी मान खालीच ठेवावी लागेल," ते हळू आवाजात म्हणाले. "बाळंतपण झाल्यावर केलं तर?" मिथुनने विचारलं. "तोवर डोळा हातचा जाईल." ऑपरेशन झालं. पालथं झोपता येईना म्हणून सरिता टेबलावरच्या उशीत कपाळ टेकून बसून राहायची आणि मिथुन तिची पाठ चोळायचा. आठवडा भरायच्या आतच कळा सुरू झाल्या. गावाजवळच्या दवाखान्यात नर्सने तिला उताणं झोपवलं. "सिस्टर, तिला वर तोंड करायचं नाही!" मिथुन दारातून ओरडला. "मग बाळ कसं काढू, तूच सांग," सिस्टर म्हणाली. कळा लांबल्या. शेवटी मुलगी झाली, धडधाकट. डोळ्याच्या पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी सांगितलं, पडदा पुन्हा सुटून आत चुरगळून गोळा झालाय, आता काही करता येणार नाही. मिथुन पोरीला घेऊन सरिताच्या उजव्या बाजूला उभा होता. "इकडून ये," ती म्हणाली. "त्या बाजूने मला ती दिसत नाही."