रोजचे तीन रस्ते

एनिडने पांढरी काठी मिटून पिशवीत ठेवली आणि कुत्र्याच्या पट्ट्याची मूठ धरली. पट्ट्याला कुत्रा नव्हता. हॅलिफॅक्स गावातल्या चढावर कुत्र्याच्या जागी प्रशिक्षक कर्स्टीच पट्ट्याचं दुसरं टोक धरून पुढे चालत होती. अंधांना वाट दाखवणारा खरा कुत्रा देण्याआधी अशी चाचणी घेतात.

"मी चुकले तर मला रागवायचं हं, एनिड."

"आधी भुंकून तर दाखव!"

चर्चपर्यंत जाऊन दोघी परत आल्या. एनिड कुठेही अडखळली नाही.

"चालण्यात पास," कर्स्टी म्हणाली. "आता तुमचे रोजचे तीन रस्ते सांगा. रोज काम मिळालं नाही तर कुत्रा शिकलेलं विसरतो."

"दुकान. दर मंगळवारी."

"आणखी?"

"रविवारी प्रार्थनेला."

"आणि रोज? एखादी मैत्रीण?"

"होती. मार्चमध्ये गेली."

कर्स्टीने आवाज मऊ केला. "मग यंदा नाही देता येणार, एनिड. कुत्र्यावर अन्याय होईल."

"रोज जायला कुणी असतं, तर मी काठीनेही पोचले असते गं," एनिड म्हणाली. "कुत्रा मला घरात हवा होता."