साफ केलेला चेहरा

दुकानाबाहेर एका गृहस्थाने चपला काढल्या, पोस्टरसमोर हात जोडले, डोळे मिटले आणि मग शेजारच्या पानवाल्याला हळूच विचारलं, "कधी गेल्या?"

पानवाल्याने सुदेशकडे बोट दाखवलं.

कोपर स्टेशनजवळ सुदेश म्हात्रेचं फ्लेक्सचं दुकान. वाढदिवस, दहीहंडी, अभिनंदन, सगळं करतो. पण खरं नाव श्रद्धांजलीत. फोटो कसलाही द्या, लग्नाच्या पंगतीतला द्या, तो असा साफ करणार की माणूस जिवंतपणी कधी इतका शांत दिसला नसेल. तेरा दिवस नाक्यावर झळकायचं, मग महापालिकेच्या गाडीत. अकरा वर्षं हेच चाललेलं.

आणि आता पहिल्यांदाच सिनेमा. घोडबंदर रोडला राहणाऱ्या रचना मॅडमनी एका मासळीवालीवर छोटा सिनेमा काढलेला, 'उरलेला वाटा'. काम केलेलं ठाण्याच्या खाडीकाठच्या मालूमावशीने, जी चाळीस वर्षं खरोखरच मासळी विकते. पोस्टर आणि वेबसाइट सुदेशकडे. सहा वाजता वेबसाइट उघडणार आणि तळाशी त्याचं नाव येणार. गाडीत न जाणारं पहिलंच काम. बायकोने, नीलाने, माहेरी सांगूनसुद्धा टाकलेलं.

चाचणीची पहिली प्रिंट त्याने कौतुकाने शटरला लावली, तर हा माणूस हात जोडून उभा. सव्वातीन वाजलेले.

"अहो काका, सिनेमाचं आहे ते."

"अरेरे, सिनेमात होत्या का," म्हणत काकांनी पुन्हा एकदा हात जोडले.

सुदेश आत पळाला. चेहरा काळापांढरा होता, तो रंगीत केला. श्रद्धांजली. नाव खाली होतं, ते वर नेलं. तरी श्रद्धांजली. मागे खाडी आणि होडी टाकली, तर मावशी होडीत बसून वर निघाल्यासारखी दिसायला लागली. वेबसाइट उघडली की आधी तोच चेहरा, मोबाइलवर तर स्क्रीनभर. इतकी वर्षं पोट भरणारा हात आज ऐन वेळी घात करतोय असं त्याला वाटलं, आणि भीती वाटली ती हीच, की आपल्याला दुसरं काही येतच नाही.

रचना मॅडमचा मेसेज आला. "छान आहे. पण बघून कसंतरी होतंय. का ते कळत नाही. मावशींना घेऊन निघालेय."

का ते सुदेशला कळत होतं. लिहायची हिंमत झाली नाही. त्याने अंगठा पाठवला.

दोघी पोचल्या तेव्हा पावणेपाच झालेले. मालूमावशी स्टुलावर बसली, पदराने तोंड पुसलं आणि स्क्रीनकडे बघत राहिली.

"ही कोन?"

"तुम्हीच की, मावशी."

"माझा गालावरचा डाग?"

"तो... साफ केला."

"आनि ह्या रेघा?"

"त्यापण."

मावशी रागावली नाही. मासळी ताजी आहे की नाही हे सांगावं इतक्या साधेपणाने म्हणाली, "मेल्यावर बाया न्हाऊ घालून ठेवतात ना, तसं ठेवलंस तू मला. मी हाय रे अजून."

अकरा वर्षांत कुणी तक्रार केली नव्हती. करणार तरी कोण म्हणा.

त्याने मूळ फोटो शोधून काढला. त्यात मावशी गिऱ्हाइकावर ओरडत होती. तोंड अर्धवट उघडं, एक डोळा बारीक, कपाळावर केस चिकटलेले आणि डागाच्या शेजारी माशाचं एक खवलं. सुदेशचा हात सवयीने खवल्याकडे गेला. मावशीने मनगट धरलं.

"राहू दे."

त्याने हात काढून घेतला. स्वतःच घातलेलं चेहऱ्यामागचं तेजोवलय आणि खालची फुलं काढून टाकली, काहीही न पुसता फोटो तसाच मोठा करून लावला. रचना मॅडम घड्याळ बघून खुर्ची ओढून बसल्या. पावणेसहाला फाइल चढवली. ते गोल चक्र फिरत राहिलं. सहा वाजून चार मिनिटांनी वेबसाइट उघडली आणि मालूमावशी सगळ्यांवर ओरडायला लागली.

"आता कसं," मावशी म्हणाली. रचना मॅडम हसल्या, पण त्यांचे डोळे भरलेले. तळाशी बारीक अक्षरात सुदेशचं नाव होतं. नीलाला फोन करावा म्हणून त्याने मोबाइल उचलला, तेवढ्यात तोच वाजला.

"सुदेशभाऊ ना? मी प्रशांत बोलतोय, डोंबिवली वेस्टवरून. आमचे बाबा गेले सकाळी. नाक्यावर लावायचंय. फोटो पाठवलाय, जरा साफ करून द्या."

सुदेशने फोटो उघडला. कुठल्याशा ओळखपत्रावरचा असावा. कॉलरचं बटण लावलेलं, चेहऱ्यावर काहीच नाही. असल्या फोटोला त्याला दहा मिनिटं लागत.

"दुसरा नाही का?" त्याने विचारलं. "बोलताना, चिडलेला, कसाही."

"आहे एक," प्रशांत म्हणाला. "पण त्यात ते माझ्यावर ओरडतायत."

"तोच पाठव."