पुण्याचा सौरभ

शहापूर तालुक्यातल्या आटगावचा शेखर वर्षभर भातशेतीचे व्हिडिओ टाकत होता, पण लाईक कधी विसाच्या वर गेले नाय. आणि त्याच तालुक्यातल्या डोळखांबच्या पाड्यावरची जिवली नाचणीची भाकर थापता थापता घरच्या बोलीत चार शब्द काय बोलली, लाखभर लोकांनी बघितलं. शेखरच्या पोटात असं दुखलं की ओव्यानंही राहीना. त्यानं 'सौरभ, पुणे' नावाचं खोटं खातं काढलं आणि तिच्या व्हिडिओखाली ठोकून दिलं, "जंगली लोकांनी जंगलात राहावं. आधी शुद्ध मराठी शिक गो."

जिवलीनं तिथंच उत्तर लिहिलं, "पुण्यात बायांना 'गो' कधीपासून म्हणायला लागले? हा 'गो' तर आपल्या शहापूरचा. आमी जंगलातले असू दादा, पण बोलतो आपल्या नावानं."

शेखरनं घाईघाईनं ते खातंच पुसून टाकलं. संध्याकाळी बायको, स्नेहल, मोबाईल नाचवत आली.

"अहो, जिवलीनं त्या सौरभला कसा धुतला, त्याचा फोटो मी काढून ठेवलेला. आपल्या पेजवर टाकला. हजार लाईक आले बघा, आपले पयले."