कारल्याची राखण

रिद्धीने जाळी पसरली तेव्हा काशीबाईंची काठी हवेतच राहिली.

निळी, बारीक विणीची जाळी. चटईच्या कोपऱ्यांवर विटा ठेवून रिद्धीने ती ताणून बसवली. जाळीखाली कारल्याच्या काचऱ्या होत्या, गवार होती, मीठ लावलेल्या वांग्याच्या फोडी होत्या. सगळे तिच्या परसातले. घर आणि कुंपण यांच्या मधल्या अरुंद पट्टीत तिने जे पिकवले, त्यातले खाऊन उरलेले आता पावसाळ्यासाठी उन्हात आकसत होते.

"आता उन्हात बसायला नको, आई," ती सासूला म्हणाली. "आत पंख्याखाली बसा."

काशीबाईंनी काठी खाली घेतली. जाळीकडे पाहिले.

बोईसरला मुलाच्या घरी हा त्यांचा पहिलाच उन्हाळा. आधीचे सारे चिंचणीच्या किनाऱ्यावर गेले होते. नवरा दामू समुद्रातून आणी, त्या सुकवत. सुकत घातलेली मासळी एकटी सोडायची नसते. कावळा असतो, मांजर असते, शेजारीणही असते. वाळूत पाय पसरून, काठी मांडीवर घेऊन त्यांचे दिवस राखणीत गेले. इतके, की बसणे म्हणजेच काम अशी त्यांच्या देहाची समजूत झाली. मग दामू गेला. होडी विकली. दिवाळीच्या सुमारास त्या न्हाणीत घसरून पडल्या आणि हाक ऐकायला कोणी नव्हते. कोणी तरी सहज डोकावले म्हणून वाचल्या. दिपेशने त्या घराला कुलूप घातले आणि आईला इकडे आणले.

इकडे रिद्धीने पहिल्यांदा काचऱ्या पसरल्या, तेव्हा काशीबाई न सांगता काठी घेऊन शेजारी जाऊन बसल्या. शेजारच्या खोलीत भाड्याने राहणारा मिथुन रात्रपाळी संपवून येई आणि कुंपणावरून थट्टा करी. "अम्मा, करेला कौन ले जाएगा? चोर भी थूक देगा."

"तूच नेशील, मेल्या," म्हणत त्या काठी उगारत.

रिद्धीलाही त्यात गंमत वाटे. मग एका दुपारी उठताना काशीबाईंना भोवळ आली, आणि दुसऱ्याच दिवशी तिने बाजारातून जाळी आणली.

त्याच संध्याकाळी काशीबाईंनी मुलाला सांगितले, उद्या चिंचणीला जाते. दिपेश चिडला. पुन्हा पडलीस तर उचलणार कोण, असे त्याने विचारले. मग आवाज खाली आणून विचारले, रिद्धी काही बोलली का. त्यांनी नकारार्थी मान हलवली. जेवण आवडत नाही का. आवडते. इथे काही कमी आहे का. नाही. मग?

"तिकडं निदान दार तरी हाय राखायला," काशीबाई म्हणाल्या. "इथं माझ्यावाचून काय अडत नाय. भाजीपण आपली आपण सुकते."

रिद्धी मोरीपाशी भांडी विसळत होती. पाणी वाहत राहिले. तिचे हात थांबले.

सकाळी दिपेशने हार मानून रिक्षा सांगितली. काशीबाईंनी लुगडी पिशवीत भरली, देवाला हात जोडले. रिद्धी कधीच घराबाहेर पडली होती. ती बाजारातून आली ती घरात न शिरता बाजूने थेट परसात गेली. तिने विटा सरकवल्या. जाळी गुंडाळून कोपऱ्यात टाकली. हातातल्या पिशवीतले ओले बोंबील काचऱ्यांच्या मधोमध ओतले. ते लिबलिबीत, पाणी गाळणारे ढीग चटईभर पसरत गेले आणि कारली, गवार, वांगी त्यांच्याखाली भिजत गेली. वेल लावल्यापासून जपलेले सगळे एका ओतण्यात वाया गेले होते. ती थोडा वेळ पाहत उभी राहिली. मग तिने सासूला हाक मारली.

काशीबाई पिशवी घेऊन मागच्या दारात आल्या. वास त्यांच्यापर्यंत आधीच पोचला होता.

"ही काय नासाडी केलीस?" त्या म्हणाल्या. "असं कोण सुकवतं?"

"मला येत नाही," रिद्धी म्हणाली.

काशीबाईंनी तिच्याकडे पाहिले, मग चटईकडे, मग पुन्हा तिच्याकडे. पिशवी उंबऱ्यावर ठेवली. दोन बोंबील उचलले, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवला आणि ती जोडी दोडक्याच्या मांडवाच्या आडव्या बांबूवर टाकली. एक अलीकडे लोंबला, एक पलीकडे.

"एकटा टाकला तर घसरून पडतो," त्या स्वतःशी बोलावे तशा म्हणाल्या.

रिद्धीने दुसरी जोडी घेतली. बारीक दात तिच्या बोटाला लागले. जोडी सुटून खाली आली. काशीबाई हसल्या नाहीत. त्यांनी तिला ती पुन्हा लावायला लावली.

दारापुढे रिक्षाचा हॉर्न वाजला. दिपेशने आतून हाक दिली, आई, रिक्षा आली. कुंपणाच्या भिंतीवर काहीतरी काळे येऊन उतरले आणि मान तिरकी करून मांडवाकडे पाहू लागले. काशीबाईंनी त्याच्यावरची नजर न हलवता हात मागे केला. रिद्धीने त्या हातात काठी दिली.

"रिक्षावाल्याला जा म्हणावं," काशीबाई म्हणाल्या. "इथं कावळा आला हाय."