पाळण्यावरचा कवडसा

चंद्रावरच्या बोगद्यातल्या त्या वस्तीत चौदा दिवसांची रात्र संपत आली होती. ह्या रात्रीतच जन्मलेल्या भाचीचं बारसं उन्हातच करायचं, असा सुलक्षणाआत्याने हट्ट धरला होता. पण पाळणा टांगायची कडी होती पार कोपऱ्यात. झरोक्यातलं ऊन तिथवर पोचेल का?

तिने संगणकावर खोलीचं चित्र घेऊन दोन पद्धतींनी गणित करून पाहिलं आणि ती वैतागली. सूर्यापासून किरण सोडत आलं, की पाळण्यावर लख्ख कवडसा पडत होता. पाळण्यापासून उलट किरण शोधत गेलं, तर मिट्ट काळोख!

"वन्सं, यातलं खरं कुठलं?" भावजयीने विचारलं.

सुलक्षणाने पडद्यावरची खोली फिरवून पाहिली. "भिंतीशी हे गोल काय चकाकतंय गं?"

"घुगऱ्यांसाठी घासून ठेवलेली परात. उचलू का?"

"हात लावशील तर खबरदार!" कवडसा खराच होता; परातीवरून उसळून पाळण्यावर पडणारं ऊन त्या उलट शोधणाऱ्या पद्धतीच्या हाती लागतच नव्हतं.

सूर्य उगवला. कवडसा थेट बाळाच्या गालावर उतरला आणि बाळ टकामका बघत राहिलं. नाव सांगायला आत्या कानाशी वाकली, तिची सावली पडली आणि बाळाने असं भोकाड पसरलं की बोगदा दणाणला. आत्या खो-खो हसली आणि ऊन न अडवता पाळण्याच्या पलीकडून वाकली.