आडव्या माणसाची नोंद

अर्जवाल्या काकांना खोली मिळाली. बेघर मदत केंद्राच्या वहीत त्यांच्यापुढे 'निकाली' असा शिक्का बसला, फाईल बांधली गेली, आणि केंद्रातल्या साहेबांनी हात पोचत नसतानाही स्वतःची पाठ थोपटून घेतली. तर आता असं समजू या, की काकांना खोली मिळालेलीच नाही. काकाही तेच समजत होते.

पहाटे साडेपाचला ते बंद पडलेल्या पोस्टाच्या व्हरांड्यात पुठ्ठ्यावर बसले होते. कोपऱ्यावर टॉर्चचा उजेड दिसला तसे घाईघाईने आडवे झाले, चादर नाकापर्यंत ओढली आणि मन लावून झोपले.

ही जुनी शिस्त होती. केंद्राचा नियम असा, की बेघर माणूस झोपलेला दिसला तरच मोजायचा. बसलेला माणूस बसची वाट पाहत असू शकतो. उभा माणूस तर कोणीही असू शकतो. म्हणून पाहणीवाली ताई रोज पहाटे फेरीला निघायची, एकेका पांघरुणापाशी वाकायची, झोपलेल्याला उठवायची आणि 'झोपलेला आढळला' असं लिहून घ्यायची. काकांना पाचलाच जाग यायची. पण पोरीची नोंद चुकू नये म्हणून ते चार वर्षं रोज तिच्यासाठी पुन्हा झोपत आले होते.

"काका, आहात का?"

"आहे."

रोज एवढंच. मग ती पुढच्या पांघरुणाकडे. चार वर्षांत या संभाषणात एका शब्दाची भर पडली नव्हती.

त्याआधी याच व्हरांड्यात काकांचं टेबल होतं. जन्माच्या दाखल्यापासून घटस्फोटापर्यंत लोकांना लागतील ते अर्ज ते टाइप करून द्यायचे. पुढे पोस्ट बंद पडलं, गिऱ्हाईक गेलं, बायको गेली, भाड्याचं घर गेलं, टेबलही कोणीतरी नेलं. काका तेवढे राहिले.

निकाली निघालेल्यांची यादी ताईपर्यंत पोचायला आठ दिवस लागले. आज नववा. आज ती वाकली नाही.

"काका, उठा. तुम्हाला खोली मिळालीय."

"मी झोपलोय."

"झोपलेला माणूस बोलत नाही."

"तुमच्या वहीत बोलतो. चार वर्षं बोलतोय."

ताई पायरीवर बसली. "नळाला पाणी नाही का?"

"आहे."

"ढेकूण आहेत?"

"असते तर सोबत तरी झाली असती."

"शेजारी कसे आहेत?"

"दारं आहेत. सहा. चांगली आहेत, लाकडी."

ताईने वही उघडली आणि मिटली. "आज तुम्हाला नोंदवलं, तर खोली वापरात नाही म्हणून काढून घेतील. आणि नाही नोंदवलं, तर मला इथे थांबायचं कारण नाही."

"मग तिकडे ये. याच रस्त्यावर आहे. दुसरा मजला, एकवीस नंबर."

"दार असलेल्या माणसाकडे जायचं काम आमच्याकडे नाही, काका." ती हे असं म्हणाली, की जणू नियम तिनेच केला होता आणि आता तो कुठे लपवावा हे तिला सुचत नव्हतं. मग तिने पुठ्ठ्याची घडी करून काकांच्या काखेत दिली, टॉर्च विझवला आणि गेली. वहीत काही लिहिलं नाही.

काका खोलीवर आले. पलंग होता, नळ होता, खिडकी होती. एक खुंटी होती, तिच्यावर टांगायला दुसरं काही नव्हतं म्हणून त्यांनी आता पुठ्ठा टांगून पाहिला. तो राहिला नाही.

या खोलीतल्या पहिल्या पहाटे ते पाचपासून डोळे मिटून पडून होते. साडेपाच झाले. सहा झाले. नऊ वाजता त्यांच्या ध्यानात आलं, की इथे माणूस आडवाच राहिला, तर ते कोणाला कळायला बरेच दिवस जातील. दुसऱ्या पहाटे त्यांनी उठून आपलंच दार आतून वाजवलं आणि विचारलं, "काका, आहात का?" उत्तर लगेच आलं. पण आवाज ओळखीचा निघाला. तिसऱ्या पहाटेपासून ते पोस्टाच्या व्हरांड्यात जाऊ लागले होते.

आता त्यांनी कागद काढला. जन्मभरात हजारो अर्ज लिहून झाले होते आणि त्यांतले बरेचसे मंजूरही झाले होते. सगळे दुसऱ्यांचे. 'अर्जदार' या शब्दापुढे त्यांनी पहिल्यांदाच स्वतःचं नाव घातलं. बाकी सगळं त्यांना पाठ होतं.

"अर्जदारास खोली मिळाली, त्याबद्दल तो आभारी आहे. छत गळत नाही. तक्रार नाही. केंद्राच्या ताई रोज पहाटे याच रस्त्याने जातात. त्यांनी दुसऱ्या मजल्यावर येऊन एक हाक मारावी. अर्जदार त्या वेळी नियमानुसार आडवा राहील. उत्तर देण्याची जबाबदारी अर्जदाराची असेल; एखाद्या दिवशी उत्तर न आल्यास पुढील कार्यवाही केंद्राने करावी. घर असलेल्या व्यक्तीस ही सेवा देता येत नाही, याची अर्जदारास जाणीव आहे. तरी अर्जदारास रोज पहाटे साडेपाचपासून दहा मिनिटांपुरते बेघर समजण्यात यावे, ही नम्र विनंती."